तळवाडीचे पाणी आणि मोहरबंद यंत्र

॥ श्री ॥ विघ्नहर्ता गजानन आणि तारेतून वाहणारी वीज, या उभयतांची कृपा असली तरच यंत्र चालते, सबब उभयतांस नमस्कार करून लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौषमास. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु या हकीकतीत क्रोध फारसा कोणी केला नाही, जो केला तो पोटात ठेविला. राज्य कोणते, राजा कोण, हे लिहिणे अगत्याचे नाही. ज्याचे घरी असे यंत्र असेल त्याने आपलेच राज्य समजावे आणि पुढे वाचावे.

राज्यास नदी एक, नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट निघे आणि पाटावर गावे बहुत. पाटाचे तोंडाशी जी गावे ती सुखवस्तू, आणि अगदी शेवटास तळवाडी म्हणोन गाव, तेथे पाणी पोहोचेल तेव्हा खरे. राज्याचा रिवाज ऐसा की, रोज पहाटे त्या दिवसाची पाळी काढावी, म्हणजे कोणत्या गावचे दार कोणत्या वेळी उघडावे आणि किती वेळ उघडे ठेवावे हे ठरवावे, मग दवंडी पिटावी, आणि दवंडी झालियावर मोहरदाराने बंधाऱ्यावर जाऊन मुख्य दारावरील लाखेची मोहर मोडावी, आणि सांजेस दार लावून पुन्हा मोहर करावी. दवंडीखेरीज मोहर मोडू नये, हा दंडक. या मोहरेचे काम पिढीजात ज्या घराण्याकडे, त्यातील रायाजीराव मोहरदार यांची ही कथा. रायाजीराव मनाचे सरळ, बोलणे थोडे, मिशा पांढऱ्या, आणि घराण्याचा अभिमान असा की पाटावर पाट मांडून बसावा. त्यांचे आजे यांचे काळी नदीस पूर आला, पाणी दारावरून वाहू लागले, लोक ओरडू लागले की मोहर मोडा, परंतु हुकूम आला नव्हता म्हणोन आजे गळ्याइतके पाण्यात उभे राहिले आणि हुकूम आलियावरच मोहर मोडली. त्यात मोहरदारांचा बैल वाहून गेला, परंतु घरात लेकरांस जेवताना गोष्ट सांगत ती मोहरेची, बैलाची कोणी सांगत नसे. बाणा हाच की, ज्याची मोहर त्याचेच हुकुमाने मोडावी. परक्याची मोहर मोडणे म्हणजे परक्याचे वचन मोडणे.

पूर्वी पाळी गावोगावचे जाणते खडे मांडून काढीत. मग भाऊबंदकी वाढली, एका शेताची चार शेते जाहली, कोणी ऊस लाविला, कोणी डाळिंब, आणि खडे मांडता मांडता दिवस उगवून माथ्यावर येऊ लागला. तेव्हा महाराजांनी संगणक नामे यंत्र घ्यावे ऐसी मसलत केली. बंदरचे एक नामवंत सौदागर आपले यंत्र घेऊन आले आणि त्याच दिवशी गावचा सुभानजी जोडारी हाही आपली पेटी घेऊन दरबारी हजर जाहला. सौदागराचे यंत्र काळे, तकतकीत, सडपातळ, आणि पाठीवर रुपेरी मोहर. मोहरेवर लिहिले होते की, ही मोडल्यास दुरुस्तीचे अभय गेले. सुभानजीची पेटी म्हणजे झाकण एकीकडचे, पोट दुसरीकडचे, पंखा तिसरीकडचा आणि बाजूचा पत्रा अजून लावणे बाकी. सुभानजी हा कसबी खरा, परंतु बढाया मारण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. तो म्हणाला की, माझे पेटीत आज दोन बैलांचे बळ आहे, उद्या चारांचे पाहिजे तर जू तेच ठेवून बैल वाढवितो, सौदागराचे तसे नाही. दरबार हसला. दिवाण गोमाजीपंत यांस चकचकीत वस्तूंची भारी हौस, त्यांनी सौदागराचे यंत्रावरून हात फिरविला आणि काढिलाच नाही. महाराजांनी रायाजीरावांकडे पाहिले. रायाजीराव मोहर पाहूनच विरघळले होते. ते म्हणाले, "ज्यावर मोहर आहे त्यामागे धनी आहे. या पेटीमागे कोण?"

सुभानजी छाती ठोकून म्हणाला, "पेटीमागं मी हाय की."

परंतु छाती ठोकणे आणि मोहर ठोकणे यात अंतर आहे ऐसे अवघ्यांचे मत पडून सौदागराचे यंत्र घेतले. सुभानजी रागावला नाही. पेटी काखेत मारून जाता जाता एवढेच म्हणाला की, मोहर चाटून पाणी येत नसते, आणि घरी जाऊन जेवला.

खोटे कशास लिहावे, पुढे कित्येक वर्षे यंत्राने काम चोख केले. पहाटे दवंडीवाला हलगी शेकतो आहे तोवर पाळी तयार असे. एकदा पडद्यावर काही दिसेना जाहले, तर सौदागराचा माणूस आपण होऊन आला, पडदा बदलून दिला, चहा पिऊन मुजरा करून गेला, आणि रायाजीराव आठ दिवस सुभानजीचे दुकानावरून मुद्दाम खाकरत जात. खंडेनवमीस शस्त्रांबरोबर यंत्राचीही पूजा होई. गोमाजीपंत स्वहस्ते हळदकुंकू वाहत, अक्षता टाकीत, झेंडूचे फूल ठेवीत, आणि यंत्राचे वरच्या अंगास ज्या फटी होत्या त्यातून थोडे आत जाई, ते देवास पोहोचले ऐसे समजत. मोहरेवर धूळ बसू नये म्हणोन रायाजीराव स्वतः उपरण्याने पुशीत. आणि यंत्राचे खोलीवर पहारा बसविला तो यंत्र चोरीस जाईल म्हणोन नव्हे, कोणी मोहरेस नख लावील म्हणोन.

मग पुन्हा वाटण्या जाहल्या, शेते आणखी वाढली, त्यात महाराजांनी हुकूम केला की पाळी काढताना विहिरीही धराव्या, पीक कोणते व जमीन कोणती हेही धरावे, जेणेकरून कोणावर अन्याय न व्हावा. हेतू चांगला, परंतु यंत्राचा दम पुरेना. हिशेब घातला की ते घुर्रर् करी, पडद्यावर एक चक्र फिरत राही, आणि चक्राकडे पाहत दवंडीवाला भिंतीस टेकून डुलक्या घेई. पहाटेची पाळी न्याहारीस, न्याहारीची दोनप्रहरी, असे होऊ लागले. दार उशिरा उघडले म्हणजे वरच्या गावांनी आपले भरून घ्यावे, वाटेतले उन्हाने प्यावे, आणि तळवाडीस पाटाचा गाळ तेवढा ओला व्हावा. त्या तळवाडीस रायाजीरावांची एकुलती लेक सगुणाबाई दिली होती. तिचे शेती गहू ओंबीस आला होता, दाणा दुधात होता, आणि त्या वेळी गव्हास पाणी चुकले म्हणजे पुढे आभाळ फाटले तरी उपयोग नाही. रायाजीरावांस हे ठाऊक होते. रोज दुपारी मोहर मोडताना त्यांस लेकीचा गहू दिसे, आणि ते लाखेचे तुकडे वेचून पिशवीत भरीत.

एके दिवशी सगुणाबाई आपण चालत राजधानीस आली. बाप कचेरीचे ओट्यावर बसला होता, त्यापुढे तिने पदरातून चार ओंब्या काढून ठेविल्या. दाणे चोळून पाहावे तर नुसता भुसा. ती रडली नाही, भांडली नाही, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आबा, पाळी निघती तवा पाट तापल्याला असतोय. आमच्याकडं येतो त्यो निस्ता वास. अर्धा गहू गेला. उरल्याला आठ दिस दम काढंल, फुडं न्हाई."

रायाजीराव म्हणाले की, यंत्र थकले आहे, त्यास काय करणार. लेक म्हणाली, "थकलं तर कुणाला दावा की. म्हातारं मानूस थकलं तर आपुन वैदूला बोलावतो, त्येच्या मोहरंला इचारत बसत न्हाई." येवढे बोलून ती उन्हे कलायचे आत परत निघाली. रायाजीरावांनी त्या चार ओंब्या पागोट्यात खोचल्या आणि सुभानजीस बोलावू पाठविले.

सुभानजी आला तो जणू याच बोलावण्यासाठी जन्मला होता. यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाला की, काही अवघड नाही, याचे स्मरण तोकडे पडते आहे, आत पट्टी असते तीस जोड दुसरी पट्टी लाविली, जुनी साठवणीची चकती काढून चपळ घातली, की हे घोड्यासारखे धावेल, फक्त पाठ उघडली पाहिजे. आणि पाठीवर मोहर. सुभानजीने मळसूत्रे फिरविण्याचा पेचकस पुढे केला, रायाजीरावांनी त्याचे मनगट धरिले. दरबार भरला. रायाजीराव म्हणाले की, माझी लेक उन्हात आहे हे मी जाणतो, परंतु ही मोहर सौदागराची, त्याचा हुकूम आणा, मग मी स्वतः मोडीन. कोणी म्हणाले की, हा बाप आहे की दगड. रायाजीरावांनी ऐकून घेतले. महाराजांस त्यांचे म्हणणे रास्त वाटले, कारण आज परक्याची मोहर मोडली तर उद्या आपल्या मोहरेचा धाक कोण धरील. मग गोमाजीपंत सौदागराचे ठाण्याशी दूरध्वनीने बोलणे लावून बसले.

तिकडून प्रथम सनई वाजली. मग एक आवाज आला की मराठीसाठी तीन दाबा. दाबिले. मग पुन्हा सनई, मग आपला वेळ आम्हांस मोलाचा आहे ऐसा निरोप, मग पुन्हा सनई. गोमाजीपंतांनी दूरध्वनी कानास धरूनच भोजन केले, धरूनच विडा खाल्ला, आणि लग्नघरात नसेल इतकी सनई ऐकलियावर शेवटी एका बाईचा जिवंत आवाज आला. बाई गोड बोलणारी. तिने यंत्राचा क्रमांक पुसला आणि काही सांगितले, ते ऐकोन गोमाजीपंतांचे तोंड उतरले आणि त्यांनी दूरध्वनी रायाजीरावांचे हाती दिला. रायाजीरावांनी आदबीने विचारिले की, आपली मोहर आम्ही जिवापाड राखिली आहे, ती मोडून आत जोड लावणे आहे, हुकूम व्हावा.

बाई म्हणाली, "सर, तुमच्या मॉडेलची वॉरंटी संपून बरीच वर्षं झाली. तुम्ही उघडलं काय आणि नाही काय, आमचं काही म्हणणं नाही."

"मग ही मोहर कशाची?"

"तो नुसता स्टिकर आहे सर. आता त्याला काही अर्थ नाही."

ती पुढे बोलत राहिली की, नवीन मॉडेल आले आहे, याहून पातळ आहे, सवलत चालू आहे. रायाजीरावांनी विचारिले की, त्यात पुढे जोड लाविता येईल काय. बाई म्हणाली की, नाही सर, ते उघडतच नाही, म्हणून तर ते इतके पातळ आहे. रायाजीरावांनी तीस आशीर्वाद दिला, कारण तिचा दोष नव्हता, आणि दूरध्वनी खाली ठेविला. रायाजीरावांस लाज वाटली, परंतु लाजेहून दुःख मोठे होते. वचन केव्हाच निघून गेले होते, आणि आपण त्याचे रिकामे घरटे उपरण्याने पुशीत बसलो, पहारा ठेविला, आणि त्यापायी लेकीचा गहू वाळविला, हे त्यांचे मनास फार लागले. आज्यांचा वाहून गेलेला बैल त्यांस त्या दिवशी प्रथम आठवला.

दुसरे दिवशी सकाळी स्नान करून, कपाळी गंध लावून रायाजीराव यंत्रापाशी आले आणि अवघ्या दरबारादेखत अंगठ्याचे नखाने ती रुपेरी मोहर काढिली. सुभानजीने मळसूत्रे फिरवून पाठ उघडली. आत पाहतात तो खंडेनवमीचे हळदकुंकू, अक्षता, वाळलेला झेंडू, आणि त्या नैवेद्यावर पोसलेल्या झुरळांचे कुटुंब. पंख्याचे पात्यांस कुंकवाचा थर असा की पंखा सवाष्ण दिसत होता. गोमाजीपंतांनी छताकडे पाहिले. सुभानजीने सर्व साफ केले, मग दिवा धरून आत पाहिले, बोट घालून चाचपले, पुन्हा पाहिले, आणि त्याची बडबड बंद जाहली, तेव्हाच लोक समजले की काही वाईट आहे. स्मरणाची पट्टी आणि साठवणीची चकती काढघालीच्या नव्हत्याच, यंत्राचे अवघे भाग ज्या पाटीवर बसतात तीस मुळातच डाग देऊन चिकटविल्या होत्या. दुसरी लावावी तर जागा नाही. विजेची डबी अशा विचित्र मापाची की बाजारातली कोणती तिथे बसणार नाही, आणि तिच्या तारांची तोंडे तिच्याच घरच्यांस ओळखीत. सुभानजी म्हणाला की, मी घोडा करतो म्हटले ते चुकले, हे घडविलेच असे आहे की घेतले त्या दिवशी जेवढे, तेवढेच मरेपर्यंत. कचरा काढिल्याने यंत्र थोडे हुशार जाहले, दोनप्रहरीची पाळी दोनप्रहराचे किंचित आधी निघाली, आणि तेवढ्याने तळवाडी भिजत नाही.

मग महाराजांनी हुकूम केला की, सुभानजीने आपली पेटी मांडावी. त्याने कोठून कोठून सामान आणून पेटी जुळविली, जुन्या यंत्रातील पाळीचे हिशेब तीत घातले, आणि पुढले पहाटे मंडळी जमली. पेटीने जोर धरिला, हिशेब निम्मा जाहला, आणि मध्येच डोळे मिटून गप्प. सुभानजी म्हणाला की पंखेवाल्याने फसविले. पंखेवाल्यास विचारावे तर तो म्हणे पाटीवाल्यास विचारा, पाटीवाला म्हणे विजेच्या डबीवाल्यास. गोमाजीपंतांस आदल्या दिवसाचे कुंकू अजून बोचत होते, ते सुखावून म्हणाले की, पेटी बारा गावचे पाणी प्यालेली आहे, जबाब कोणत्या गावी मागावा. हसणारे हसले. रायाजीराव हसले नाहीत. त्यांनी सुभानजीस बाजूस न नेता, सर्वांसमक्ष, परंतु हळू आवाजात विचारिले, "त्या दिवशी दरबारात तू म्हणालास, पेटीमागे मी आहे. ते बोलणे होते की वचन?"

सुभानजीने मान खाली घातली. बढाईखोर माणूस, परंतु लबाड नव्हे. म्हणाला, "बोलनं व्हतं, आबा."

"मग आता वचन कर."

तेव्हा बेलभंडार मागविला. बेलाचे पान आणि हळद हाती घेऊन जो बोलतो तो त्या बोलण्यास बांधला जातो, हा या मुलखाचा जुना रिवाज, आणि त्यावर मोठमोठे तंटे मिटले आहेत. सुभानजीने बेलभंडार उचलिला आणि म्हणाला, "पंखा कुनाचा बी असू दे, पाटी कुनाची बी असू दे, पेटी बंद पडली तर मला इचारायचं. म्या दुसऱ्याकडं बोट दावनार न्हाई." रायाजीरावांनी त्याचे हातावर हात ठेविला. मग सुभानजी बढाई न मारता कामास लागला, पंखा बदलून मोठा बसविला, आणि झाकण उघडेच होते म्हणोन स्मरणाची आणखी एक पट्टी शेजारील खाचेत दाबून बसविली. त्यास घटकाभर वेळही लागला नाही. ते पाहून गोमाजीपंतांनीही मान डोलाविली, आणि मान डोलाविली हे त्यांनी नंतर नाकारिले.

पुढले पहाटे दवंडीवाला हलगी शेकावयास बसला तो पाळी तयार. त्याची तारांबळ उडाली, बहुत दिवसांत त्यास घाई करणे पडले नव्हते. थंड हवेत दवंडी जाहली, रायाजीरावांनी मोहर मोडली, दार उचलले, आणि त्या दिवशी ते घरी गेले नाहीत, पाटाचे काठाकाठाने पाण्याबरोबर चालू लागले. पाणी पुढे, ते मागे. गावोगावची दारे ठरल्या वेळी उघडली, ठरल्या वेळी लागली, कोणी कोणाचे पाणी तोडिले नाही, आणि दुपार व्हायचे आत पाणी तळवाडीचे शिवेत शिरले. सगुणाबाई खोरे घेऊन वाफ्याचे तोंडाशी उभी होती. तिने दारे धरले, माती ओढिली, पाणी सारीतून गव्हाचे मुळाशी गेले, तेव्हा मान वर करून बापास पाहिले आणि म्हणाली, "आलं, आबा."

रायाजीरावांनी पागोटे काढून तोंड पुसले. पागोट्यातल्या चार पोचट ओंब्या खाली पडल्या, त्या त्यांनी उचलल्या नाहीत. अर्धा गहू गेला होता तो गेलाच, यात लपविण्यासारखे काही नाही. अर्धा वाचला, आणि त्या वर्षीच्या सणाच्या पोळ्या त्याच गव्हाच्या जाहल्या.

मग दरबारात महाराजांनी संतोषाने हुकूम केला की, नवे पेटीस राज्याची मोठी मोहर करावी, म्हणजे तिचा मान राहील. लाख तापविली, शिक्का आणिला, आणि रायाजीराव पेटीसमोर उभे राहिले. लाखेचा थेंब ओघळून त्यांचे बोटावर पडला तरी हात पुढे गेला नाही. महाराजांनी पुसिले की, मोहरदार, काय विचार. रायाजीराव म्हणाले, "महाराज, जे बंद ठेवणे आहे त्यास मोहर करावी. ही पेटी उद्या उघडणे आहे. शेते वाढतील, ही वाढली पाहिजे. मोहर केली तर माझ्यामागून येणारा मोहरदार तिच्यासमोर पहारा बसवील आणि लेक उन्हात उभी राहील."

महाराज म्हणाले की, मग लोकांनी भरवसा कशावर ठेवावा. रायाजीरावांनी सुभानजीकडे नुसते पाहिले. सुभानजी पहिल्यांदाच लाजला. तेव्हा महाराज समजले, लाख थंड होऊ दिली, आणि जेथे मोहर करावयाची तेथे रायाजीरावांनी आपल्या हाताने दोरीस एक पेचकस बांधून टांगून ठेविला.

येणेप्रमाणे हकीकत. जुने यंत्र टाकिले नाही, सणावारी त्यावर सनई लावितात, तेवढे काम ते अद्याप उत्तम करिते. खंडेनवमीस नवे पेटीस हळदकुंकू लांबून दाखवितात. सौदागरास कोणी नाव ठेवीत नाही, त्याने दिले ते वचन मुदतभर पाळिले, मुदतीपुढे मोहरेची पूजा केली ती आम्ही. जुळविलेली पेटीही दोन वेळा रुसली, सुभानजी दोन्ही वेळा जेवण टाकून आला. शेते तेव्हापासून आणखी वाढली, पेटीतील पट्टी बदलली, चकती बदलली, पंखा तर बदललाच, आणि पाणी तळवाडीस पोहोचते आहे. पेचकस तोच आहे, हाताळून दोरी मात्र तुटली, ती सगुणाबाईने नवी वळून दिली. बहुत काय लिहिणे.